राजा दूर असताना

शिवाजी महाराजांच्या पराक्रमाच्या कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु महाराज जवळ नसताना त्यांची माणसे कशी वागली, हेही जाणून घेण्यासारखे आहे.

महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरी किल्ल्यावर झाला. मावळातील साध्या घरांतील मुले त्यांचे पहिले सोबती होते. त्यांना महाराजांनी नुसते हुकूम दिले नाहीत, तर विश्वासाने कामे सोपविली. सैनिकांना जहागिरीऐवजी रोख पगार दिला. प्रत्येक गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन अधिकारी नेमले. एकाकडे दरवाज्याच्या किल्ल्या, दुसऱ्याकडे हिशेब, तिसऱ्याकडे कोठार. त्यामुळे गड एकाच माणसाच्या मर्जीवर राहत नसे. १६६५ साली पुरंदरावर मुरारबाजी देशपांडे धारातीर्थी पडले, तरी गडावरील लोक लढतच राहिले.

त्याच वर्षीच्या तहात २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले. हाती उरले फक्त १२. पुढच्या वर्षी, मे १६६६ मध्ये, महाराज आग्र्यास औरंगजेबाच्या दरबारी गेले आणि तेथे नजरकैदेत अडकले. ऑगस्टमध्ये ते निसटले. राज्य लहान झालेले आणि राजा शत्रूच्या ताब्यात. अशा वेळी कोणतेही राज्य विस्कटले असते. परंतु मातोश्री जिजाबाईंच्या देखरेखीखाली मोरोपंत पिंगळे आदी कारभाऱ्यांनी सर्व व्यवहार नीट चालविला. म्हणूनच १६७० मध्ये गेलेले किल्ले परत घेण्याचे बळ स्वराज्यात उरले होते. त्यातील सिंहगड घेताना तानाजी मालुसरे कामी आले.

पुढाऱ्याच्या शब्दाला किती वजन असते, हे एका दुःखद प्रसंगावरूनही कळते. सरनोबत प्रतापराव गुजर यांनी १६७३ साली कोंडीत सापडलेल्या बहलोलखानाला सोडून दिले. महाराजांनी त्यांची कडक शब्दांत कानउघाडणी केली. ते बोल प्रतापरावांच्या जिव्हारी लागले. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरी येथे सैन्याची वाट न पाहता ते अवघ्या सहा स्वारांसह खानावर तुटून पडले, आणि सातही जण मारले गेले. महाराजांना अतिशय दुःख झाले. पुढे प्रतापरावांची कन्या त्यांनी आपले पुत्र राजाराम यांच्यासाठी सून करून आणली. परंतु गेलेला सेनापती परत आला नाही.

महाराज ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर वारले. १६८९ मध्ये संभाजीराजांची हत्या झाली, रायगडही पडला, राजाराम दूर जिंजीला गेले. तरीही रामचंद्रपंत अमात्य, संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांनी लढा चालू ठेवला. राजारामांच्या मृत्यूनंतर ताराबाईंनी तो पुढे नेला. औरंगजेब १७०७ साली दक्षिणेतच मरण पावला, पण मराठ्यांचे राज्य त्याला बुडविता आले नाही.

शिक्षक वर्गात असताना मुले अभ्यास करतात, यात विशेष काही नाही. शिक्षक बाहेर गेल्यावरही पुस्तक उघडे राहिले, तर शिकवण रुजली असे समजावे. घर, शाळा किंवा मंडळ चालविणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने महाराजांच्या चरित्रातून एवढे तरी घ्यावे, आणि रागाचा शब्द उच्चारण्यापूर्वी नेसरी आठवावी.