थिबा राजाचा वाडा आणि थडगे

ओसाड वाडे, पडक्या इमारती, जुनी थडगी यांची मुलांना विलक्षण ओढ असते. खेळावयास म्हणून घरून निघालेली मुले थिबा राजाच्या वाड्याकडे वळतात, आणि पालक आमच्याकडे तक्रार घेऊन येतात. आम्ही या ओढीस दोष देत नाही. बंद दारामागे कोण राहत होते, असा प्रश्न मनात येणे हाच इतिहासाचा आरंभ होय. मात्र उत्तर मिळविण्याचे श्रमही घ्यावेत, म्हणून त्या वाड्याच्या धन्याचे चरित्र येथे देत आहोत.

थिबाचा जन्म १८५९ साली मंडाले येथे झाला. ब्रह्मदेशाचा राजा मिंडोन याच्या अनेक पुत्रांपैकी तो एक. मिंडोन स्वतः निष्ठावंत बौद्ध. तरीही त्याने डॉ. मार्क्स या मिशनऱ्यास आपल्या राजधानीत शाळा काढू दिली व काही राजपुत्र तेथे शिकावयास धाडले. त्यांत थिबा होता. पुढे मठात राहून त्याने बौद्ध धर्मग्रंथांच्या परीक्षेत नाव मिळविले. तो विद्वान भिक्षू झाला असता. राजा होण्यास तो कितपत योग्य होता, याची आम्हांस शंका आहे.

१८७८ साली मिंडोन वारला, तेव्हा दरबारी मंडळींनी व एका प्रबळ राणीने हा मवाळ राजपुत्रच गादीसाठी निवडला. त्या राणीची कन्या सुपायालात त्याची पट्टराणी झाली. १८७९ च्या फेब्रुवारीत राजकुळातील अनेक स्त्रीपुरुषांची व मुलांची हत्या करण्यात आली. कट इतरांचा असेल, राजा अवघा वीस वर्षांचा होता, हेही खरे. परंतु हत्या त्याच्या राज्यात झाली, आणि ती गाळून चरित्र लिहिणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

१८८५ साली सागवानाचा व्यापार करणाऱ्या बाँबे बर्मा कंपनीवर ब्रह्मी दरबाराने मोठा दंड बसविला. इंग्रजांना तेवढे निमित्त पुरले. युद्ध जेमतेम दोन आठवडे चालले. नोव्हेंबरच्या अखेरीस राजाराणीस आगबोटीत बसवून ऐरावती नदीने खाली नेले. मद्रासेत काही महिने ठेवून १८८६ च्या एप्रिलात त्यांस रत्नागिरीस आणले. येथे रेल्वे नव्हती, पावसाळ्यात समुद्रमार्गही बंद. कैद्यासाठी याहून सोयीचे गाव सरकारला कोठे मिळणार!

राजा तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. चार कन्यांपैकी धाकटी येथेच जन्मली. सरकारी तनखा पुरेना, तेव्हा जवळची रत्ने विकली जाऊ लागली. परवानगीवाचून गावाबाहेर जाण्याची मुभा नव्हती. तो अर्ज लिही, सरकार नकार देई. अर्धवर्तुळाकार खिडक्यांचा हा तिमजली वाडा १९१० साली तयार झाला, म्हणजे चोवीस वर्षे भाड्याच्या बंगल्यांत काढल्यावर. आणि वाड्यात राजा सहाच वर्षे जगला. १९१६ च्या डिसेंबरात तो निवर्तला.

त्यानंतरचा भाग आम्हांस सर्वांत करुण वाटतो. सुपायालातची धाकटी बहीण, जी राजाची दुसरी राणी होती, १९१२ सालीच वारली होती. दोन्ही शवे मायदेशी न्यावीत असा सुपायालातचा हट्ट होता. सरकार ते मानीना. म्हणून दोन्ही शवपेट्या वाड्याच्या आवारात दफनावाचून राहिल्या. योसेफाच्या अस्थी इस्राएल लोकांनी मिसर देशातून बरोबर नेल्या, हे आमचे विद्यार्थी बायबलच्या तासाला शिकतात. थिबाच्या वाट्यास ते भाग्य आले नाही. अखेर १९१९ च्या मार्चात सरकारने रत्नागिरीतच दोघांची थडगी बांधविली. त्याच वर्षी राणी ब्रह्मदेशी परतली. १९२५ साली ती रंगूनला वारली व तेथेच तिचे दफन झाले. पतीचे थडगे समुद्राच्या एका तीरी, पत्नीचे दुसऱ्या. थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीस परत आली व १९४७ साली येथेच वारली; तिची मुलगी तर पुरती रत्नागिरीकर झाली.

वाड्यात आता पुरातत्त्व खात्याचे वस्तुसंग्रहालय आहे, त्यामुळे तो सहज पाहता येतो. थडगे वस्तीत असून तेथे वाट विचारीतच जावे लागते. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन दर्शनासाठी तेथे आले होते.