खुरांचा वैद्य : विल्यम मूरक्रॉफ्ट

लडाखचा इतिहास वाचताना विल्यम मूरक्रॉफ्ट हे नाव तुम्हाला कुठे ना कुठे भेटेलच. १८२० साली लेहला पोहोचलेला आणि तिथे दोन वर्षे मुक्काम ठोकून राहिलेला इंग्रज प्रवासी, एवढीच त्याची ओळख बहुतेक पुस्तकांत असते. पण प्रवास हा त्याचा धंदा नव्हता. तो घोड्यांचा डॉक्टर होता, आणि त्यातही त्याचे खास लक्ष घोड्याच्या पायाकडे असे. हिमालय त्याने ओलांडला तोही घोड्यांसाठीच. आपल्यापैकी जे रोज पहाटे घोडेस्वारीला जातात आणि स्वारी संपल्यावर खूर साफ करायचा कंटाळा करतात, त्यांनी तर हे चरित्र जरूर वाचावे.

मूरक्रॉफ्टचा जन्म १७६७ सालचा, इंग्लंडमधल्या लँकाशायर परगण्यातल्या ऑर्म्सकर्क गावचा. लिव्हरपूलला तो माणसांची शस्त्रक्रिया शिकत होता. त्या सुमारास गुरांची मोठी साथ आली आणि तिच्या निमित्ताने हा तरुण जनावरांच्या वैद्यकाकडे वळला. त्या काळी हा निर्णय सोपा नव्हता. इंग्लंडमध्ये जनावरांचा डॉक्टर असा कोणी नव्हताच. घोडा आजारी पडला की नालबंदाला बोलवायचे, आणि तो बापाकडून शिकलेले उपाय करायचा, मग ते बरे असोत वा वाईट. शिकलेल्या सर्जनने असल्या कामात पडणे म्हणजे पायरी सोडण्यासारखेच समजले जाई. मूरक्रॉफ्टने लोकांच्या समजाची पर्वा केली नाही. १७९० साली तो फ्रान्समध्ये लियोंला गेला. क्लोद बूर्जला याने १७६२ मध्ये सुरू केलेले तिथले पशुवैद्यकीय विद्यालय जगातले पहिले मानले जाते. बाहेर राज्यक्रांतीची धामधूम चालू असताना त्याने तिथे शिक्षण घेतले. तशी रीतसर पशुवैद्यकी शिकलेला तो पहिला इंग्रज.

परत येऊन त्याने लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर घोड्यांचा दवाखाना थाटला आणि तो जोरात चालला. लंडनमध्ये नवे पशुवैद्यकीय कॉलेज निघाले होते. त्याचा पहिला प्राध्यापक वारल्यावर १७९४ मध्ये मूरक्रॉफ्ट आणि एडवर्ड कोलमन या दोघांची मिळून त्या जागी नेमणूक झाली. मूरक्रॉफ्टने काही आठवड्यांतच राजीनामा दिला. कोलमन माणसांचा सर्जन होता, घोड्यांचा अनुभव त्याला जवळजवळ नव्हता. तरी पुढे चाळीसहून अधिक वर्षे तोच ते कॉलेज चालवत राहिला आणि घोडदळाचा मुख्य पशुवैद्यही झाला. दोघांच्या मतांतला फरक खुरावरच दिसून येतो, म्हणून इथे जरा थांबू.

घोड्याचा पाय उचलून तळ वर करून पाहा. कडेने कठीण भिंत, आत किंचित खोलगट तळवा, आणि टाचेकडून पुढे निमुळता होत गेलेला, रबरासारखा लवचीक त्रिकोण. या त्रिकोणाला इंग्रजीत फ्रॉग म्हणतात. रिसाल्याच्या हिंदुस्थानीत त्याला पुतली असा सुरेख शब्द आहे, आपण पुतळी म्हणू. तिच्या दोन्ही बाजूंना आणि मधोमध घळी असतात. पाऊल टेकले की टाचेकडचा भाग किंचित पसरतो, धक्का जिरतो आणि पायातले रक्त वर ढकलायला मदत होते. पाचशे किलोचा घोडा अडथळ्यावरून उडी मारून उतरतो तेव्हा ते सारे वजन क्षणभर या एवढ्याशा भागावर येते.

अठराव्या शतकातले बरेच नालबंद ही पुतळी आणि तळवा चाकूने सपाचट कापून टाकत. दिसायला खूर नीटनेटका दिसे, मालक खूश होई, आणि घोडा लंगडू लागे. लाफोस या फ्रेंच पशुवैद्याने त्याविरुद्ध शतकाच्या मध्यालाच आवाज उठवला होता. कोलमनचे म्हणणे असे की पुतळीवर जमिनीचा दाब आलाच पाहिजे. इथपर्यंत ते बरोबर होते. पण मग ज्या घोड्याची पुतळी जमिनीला टेकत नाही त्याच्यासाठी त्याने लोखंडाची कृत्रिम पुतळी काढली! तत्त्वाच्या आहारी गेलेला विद्वान कुठवर जातो याचा हा नमुना म्हणायला हरकत नाही. मूरक्रॉफ्टची वाट निराळी होती. १८०० साली त्याने नालबंदीच्या निरनिराळ्या पद्धतींवर एक छोटे पुस्तक लिहिले आणि ज्या नालेचा पुरस्कार केला ती अगदी साधी होती. तिची वरची बाजू कडेला सपाट, म्हणजे भार खुराच्या भिंतीवर जाईल. आणि आतल्या बाजूला उतरती, म्हणजे लोखंड तळव्याला टोचणार नाही. तशी नाल आधीही सुचवली गेली होती, पण ती प्रचारात आणण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

आता या पुतळीच्या रोगाविषयी. आपण सगळेच त्याला थ्रश म्हणतो. घळीत लीद, मूत आणि चिखल साचून राहिला, हवा लागली नाही, की बिनहवेत वाढणारे जंतू तिथे बसतात आणि पुतळी कुजू लागते. काळा, चिकट स्राव येतो आणि त्याचा वास असा की एकदा घेतला की जन्मात विसरणार नाही. (सुट्टीवर आलेल्या चिरंजिवांच्या बुटांचा वास ज्या पालकांना माहीत आहे, त्यांनी त्याच्या दसपट कल्पना करावी.) मूरक्रॉफ्टच्या काळी जंतूंमुळे रोग होतात याचा शोध लागायचा होता. नालबंद मोरचूद, डांबर असले पदार्थ खुरात भरत. त्यांतले मोरचूद तर अजूनही वापरात आहे. पण नुसते औषध भरून भागत नाही. नालबंदाने किंवा पशुवैद्याने सुटलेला, मेलेला भाग तेवढा कापून घळ उघडी करायची असते. जिवंत पुतळीला चाकू लावायचा नाही. मग खूर धुऊन नीट कोरडा करायचा, जंतुनाशकात भिजवलेला कापूस घळीत बसवायचा, रोज बदलायचा. खाली बिछाना कोरडा हवा आणि घोड्याला चालवले पाहिजे, कारण एका जागी उभ्या घोड्याची पुतळी काम करत नाही आणि आक्रसते. टाचा वाढू दिल्या तरी तेच होते, म्हणून चार ते सहा आठवड्यांनी नाल काढून खूर छाटून पुन्हा बसवतात. मधली घळ खोल चिरली असेल, बोट लावताच घोडा पाय ओढत असेल, तर स्वतःचे डोके न चालवता पशुवैद्याला सांगावे. धनुर्वाताची लस वेळेवर दिलेली आहे ना, हेही तेव्हाच पाहावे, कारण असल्या जखमेतून तो शिरतो.

मूरक्रॉफ्टच्या नावावर आणखी एक शस्त्रक्रिया आहे. टाचेच्या आतले दुखणे बरेच होत नसेल तर पायाची संवेदना नेणारी नस कापायची. घोडा लंगडायचा थांबतो. ही शस्त्रक्रिया अजूनही केली जाते. पण तिची किंमत अशी की त्या घोड्याला पुढे खिळा टोचला तरी कळत नाही, खूर कुजला तरी कळत नाही. म्हणजे त्याच्या वाटचे दुखणे रोज सईसाने आपल्या डोळ्यांनी आणि बोटांनी शोधायचे.

दवाखान्यातून त्याने भरपूर पैसा मिळवला आणि त्यातला मोठा भाग एका कल्पनेपायी घालवला. ऐरणीवर एकेक नाल ठोकण्याऐवजी यंत्राने एकसारख्या नाला काढाव्यात, असे त्याच्या मनाने घेतले. पेटंटे घेतली, यंत्रे उभी केली आणि तो बुडाला. कल्पना चुकीची नव्हती. एकोणिसाव्या शतकात पुढे फौजांना यंत्राच्याच नाला मिळू लागल्या. पण त्याचा फायदा त्याला व्हायचा नव्हता. अशा वेळी ईस्ट इंडिया कंपनीकडून बोलावणे आले. १८०८ मध्ये, चाळिशी ओलांडलेला मूरक्रॉफ्ट हिंदुस्थानात उतरला तो बिहारमधल्या पुसा इथल्या कंपनीच्या अश्वपैदास केंद्राचा प्रमुख म्हणून. आपल्या सेनेची रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअर आपला वारसा कंपनीच्या याच खात्यापर्यंत नेते.

पुशाला त्याने पाहिले ते निराश करणारे होते. खर्च मोठा, आणि घोडदळात घेण्याजोगी जनावरे थोडी. बंगाल-बिहारचा ओलावा घोड्याला मानवत नाही, आणि पावसाळ्यात चार महिने जमीन वाळतच नसेल तर खुरांचे काय होते हे वर सांगितलेच आहे. त्याने खुराक, निगा, नोंदी यांत शिस्त आणली. घोड्यांसाठी पुशाला ओट मोठ्या प्रमाणावर पेरला. तरीही त्याचे मत पक्के होत गेले की चांगले वळू आणल्याशिवाय फौजेला घोडा मिळणार नाही. मराठ्यांचे घोडदळ भीमेच्या काठच्या भिमथडी तट्टांवर दूरवर दौडले होते, पण कंपनीच्या रिसाल्याला उंच, हाडापेराने मोठा घोडा हवा होता. तो मध्य आशियात, तुर्कमान लोकांकडे आणि बुखाऱ्याच्या बाजारात मिळेल, असे त्याने ठरवले.

इथून त्याच्या आयुष्याने वळण घेतले. १८१२ मध्ये तो हैदर हिअर्सी या सोबत्याबरोबर गोसाव्याच्या वेशात नीती खिंडीतून तिबेटात उतरला, मानसरोवर पाहून आला आणि येताना पश्मिन्याच्या बकऱ्याही घेऊन आला. १८१९ मध्ये तो शेवटच्या मोहिमेवर निघाला. लाहोरला महाराजा रणजितसिंहांनी त्याला आपले घोडे दाखवले. तिथून कुलू, रोहतांग आणि लेह. यारकंदला जायची परवानगी चिनी अंमलदार देईनात, त्यात लेहला दोन वर्षे गेली. वाटेत जागोजाग लोक त्याच्याकडे औषधाला येत आणि तो मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया करी. लडाखच्या राज्यकर्त्यांशी त्याने परस्पर राजकीय बोलणीही केली. कंपनीने ती झटकून टाकली आणि त्याची कानउघाडणी केली. मग काश्मीर, पेशावर, काबूल. कुंदुझच्या मुराद बेगने त्याला अडकवून पैसे उकळले.

याबद्दल कंपनीला दोष देणे सोपे आहे, पण मला तिची तक्रार अगदीच गैर वाटत नाही. पुशाची पागा ज्याच्या हाती दिली तो माणूस सहा वर्षे पागेबाहेर होता. शिंगरे तिथे जन्मतच होती, खूर तिथे वाढतच होते. दुसरीकडे, हाती असलेल्या वाणातून हवा तसा घोडा कधीच निघणार नाही, हे त्याच्याइतके स्पष्ट कोणालाच दिसले नव्हते. दिसल्यावर स्वस्थ बसणे त्याच्या स्वभावात नव्हते. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि कोणती जड हे प्रत्येकाने आपले ठरवावे. आमच्या प्रशिक्षकांच्या खोलीत यावर एकमत होणार नाही, एवढे मी खात्रीने सांगतो.

१८२५ च्या फेब्रुवारीत तो बुखाऱ्याला पोहोचला. जितके आणि जसे घोडे मिळतील म्हणून निघाला होता, तसे तिथे मिळाले नाहीत. परतताना आणखी घोडे पाहावेत म्हणून तो वाट वाकडी करून अंदखुईला गेला आणि तिथेच ऑगस्टच्या अखेरीस तापाने वारला. बाल्खला त्याला पुरले. त्याचा तरुण साथीदार जॉर्ज ट्रेबेक त्यानंतर लवकरच मजार इथे गेला. १८३२ मध्ये अलेक्झांडर बर्न्स त्या वाटेने गेला तेव्हा त्याने या कबरी पाहिल्या. पुढे एका फ्रेंच पाद्र्याने ल्हासात ऐकलेली कहाणी लिहून ठेवली, की मूरक्रॉफ्ट मेलाच नाही, वेष बदलून ल्हासात बारा वर्षे राहिला. तिला आधार नाही, पण अशा माणसाविषयी लोकांना तसे वाटावे यात नवल नाही.

त्याच्या प्रवासाचे कागद एच. एच. विल्सन यांनी संपादून १८४१ मध्ये छापले. पुशाची पागा पुढे बंद झाली. त्याच जागेवर १९०५ मध्ये शेतकी संशोधन संस्था उभी राहिली. १९३४ च्या भूकंपात तिची इमारत पडल्यावर ती दिल्लीला हलवली गेली आणि जाताना गावाचे नावही घेऊन गेली. दिल्लीतल्या पुसा रोडवरून जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की त्या नावाच्या मुळाशी घोड्यांची एक पागा आहे.