खराटा हाती घेतलेला संत

गाडगेबाबा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? ग्रामस्वच्छता अभियानाच्या बोर्डावरचं ते चित्र. अंगावर चिंध्या, हातात खराटा, सोबत मातीचं फुटकं गाडगं. शाळेच्या फॅन्सी ड्रेसमध्येही एखादा गाडगेबाबा हमखास असतोच. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना मदर तेरेसांवर धडा होता, बाबांवर नव्हता. त्यामुळे या चित्रामागचा माणूस मला कॉलेजात आल्यावर, वाचनातून भेटला. आणि मित्रांनो, तो माणूस त्या बोर्डात मावणारा नाही.

बाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात एका परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई लेकराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला आल्या. तिथे डेबूजी मामाची गुरं राखायचा, शेतात राबायचा. शाळेचं तोंड त्याने पाहिलं नाही. पुढे मामाची शेती सावकाराच्या घशात गेली. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाचा अंगठा कागदावर उमटला की काय होतं, हे डेबूजीने घरातच पाहिलं. त्या धक्क्याने मामाही गेले. बाबांच्या कीर्तनात आयुष्यभर तीनच शत्रू आले : दारू, कर्ज आणि अडाणीपणा. ते कुठल्या ग्रंथातून आलेले नव्हते.

पहिलं बंड घरगुती होतं. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारूची पंगत द्यायची होती. डेबूजीने गोड जेवण वाढलं. जातवाल्यांची नाराजी त्याने सरळ सोसली. आज आपल्याला हे साधं वाटेल, पण चारचौघांत वेगळं वागायला काय लागतं ते हॉस्टेलवर राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको!

१ फेब्रुवारी १९०५ च्या पहाटे त्यांनी घर सोडलं. मागे म्हातारी आई, बायको कुंताबाई आणि लहान मुलं. इथे मात्र मी अडखळते. आपण चरित्र वाचताना या वाक्यावरून भरभर पुढे जातो, जणू संत व्हायचं म्हणजे घर सोडायचंच. पण कुंताबाईंचं काय? पुढे बाबांच्या हातून लाखोंच्या इमारती उभ्या राहिल्या, तरी घरच्यांना त्यातली एक खोली मिळाली नाही. ती माणसं झोपडीतच राहिली. लोकांच्या पैशावर माझ्या नातेवाइकांचा हक्क नाही, ही बाबांची भूमिका होती आणि ती त्यांनी ट्रस्टच्या कागदोपत्रीही पक्की करून ठेवली. सध्याचे ट्रस्ट आणि सोसायट्या बघितल्या की हे फार मोठं वाटतं. कुंताबाईंच्या बाजूने बघितलं की कठोर वाटतं. मला दोन्ही वाटतं.

आता आपल्या ब्रँचचा मुद्दा. बाबांनी बांधलं काय काय? पूर्णा नदीकाठच्या ऋणमोचनला पौषातल्या रविवारी यात्रा भरते. काठावर चिखल, लोक घसरून पडायचे. बाबांनी तिथे घाट बांधून घेतला. मग पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी आणि मुंबईत जे. जे. हॉस्पिटलजवळ अशा धर्मशाळा झाल्या. गोरक्षणं झाली, आंधळ्या-पांगळ्यांची सदावर्तं झाली, शाळा आणि वसतिगृहं झाली. सह्या करता न येणाऱ्या माणसाने हे सगळं उभं केलं. पैसा कीर्तनातून यायचा, पण ते स्वतः त्याला हात लावत नसत. हिशेब विश्वासू माणसांकडे. आणि इमारत झाली की बाबा आत राहायचे का? छे! बाहेर झाडाखाली गोधडी टाकून झोपायचे. त्यांच्याकडे देऊळ बांधायचा आग्रह नव्हता, हेही लक्षात घ्या. यात्रेकरूला छप्पर, पेशंटच्या नातेवाइकाला पथारी टाकायला जागा, एवढीच त्यांची रिक्वायरमेंट. साइटवर जाऊन, लोकांना काय अडतंय ते बघून काम काढायचं, हे आपल्याला चौथ्या वर्षी प्रोजेक्टला शिकवतात!

पंढरपूरला वारीत बाबा देवळाच्या रांगेत नसत, चंद्रभागेचं वाळवंट झाडत असत. याच पंढरपुरात चोखोबांना देवळाच्या आत जागा नव्हती, आणि दलितांसाठी ते दार १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडलं. त्याच्या कितीतरी आधी बाबांनी तिथे चोखामेळ्याच्या नावाने दलित यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधली होती. १९४९ साली ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. देव मानणारा एक निरक्षर कीर्तनकार आणि देवाधर्माला प्रश्न विचारणारा बॅरिस्टर यांना एकमेकांबद्दल एवढा आदर का असावा, याचं उत्तर मला या व्यवहारात दिसतं.

त्यांच्या कीर्तनात वीणा-मृदंगाचा थाट नव्हता. गावात आले की आधी खराटा काढून गाव झाडायचं, संध्याकाळी त्याच साफ जागेवर उभं राहायचं. भाषा ठेठ वऱ्हाडी. उपदेश कमी, प्रश्न जास्त. सॉक्रेटिस आम्हाला इंग्लिशच्या धड्यात होता, पण हे तंत्र बाबांनी कुणाकडून शिकलेलं नव्हतं. देवापुढे बोकड कापता, मग स्वतःचं पोर का नाही, असे थेट सवाल ते करायचे आणि लोकांकडूनच उत्तर वदवून घ्यायचे. ताटवाट्या विकाव्या, हातावर भाकरी घेऊन खावी, पण पोराला शाळेत घालावं, असं ते परत परत सांगत. पाया पडायला येणाऱ्यांवर काठी उगारत. शिष्य केला नाही, मंत्र दिला नाही, पंथ काढला नाही. आपल्याला कुणी गुरू म्हणावं हेच त्यांना नको होतं.

१९२३ मध्ये कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना एकुलता एक मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली. त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. हे वैराग्य की दुःख गिळण्याची त्यांची पद्धत, कोण सांगणार?

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याच्या पोलीस स्टेशनच्या आवारात झालेलं त्यांचं शेवटचं कीर्तन टेप झालेलं आहे. जमल्यास जरूर ऐका. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गाडीतच बाबांनी प्राण सोडला. आपलं स्मारक, पुतळा, समाधी काहीही बांधू नका, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. अमरावतीच्या गाडगेनगरमध्ये त्यांचं समाधी मंदिर आहे, २००५ पासून तिथल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, आणि चौकाचौकात पुतळे तर विचारूच नका.