चार्लस फोर्जेट : मुंबईच्या पोलिसांचा एक नायक

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या गांवांतील मुलांस मोठेपणीं कोण होणार असें विचारिलें, तर दहांतील एक तरी पोलीस अधिकारी होणार असें उत्तर देतो. आईबापांच्या मनांत मात्र आनंद व धास्ती हीं दोन्ही एकदमच उभीं राहतात. हा संपूर्ण टापू १९८१ सालीं स्थापन झालेल्या ठाणें शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दींत मोडतो. फौजदाराच्या जागेसाठीं लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यावी लागते व निवड झाल्यावर नाशिकच्या प्रबोधिनींत शिक्षण घ्यावें लागतें, हें पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु परीक्षेच्या कागदावर न मोजली जाणारी अशी जी अंगची योग्यता, ती कोणती? ती समजण्यासाठीं मुंबई शहराच्या पोलीस खात्यांत नांवाजलेल्या एका पुरुषाचें चरित्र पाहणें उपयोगाचें होईल.

चार्लस फोर्जेट याचा जन्म १८१० च्या सुमारास झाला. तो युरोपियन व हिंदी अशा मिश्र वंशांतला असून त्याचें बालपण याच देशांत गेलें. अशा मुलांची स्थिति त्या काळीं अवघड असे. गोरे लोक त्यांस आपल्यांत पूर्णपणें घेत नसत, आणि एतद्देशीय लोक त्यांस परके समजत. फोर्जेटनें या अडचणीचेंच साधन केलें. येथील भाषा त्यानें इतक्या आत्मसात् केल्या कीं, बोलण्यावरून तो परका आहे हें कोणाच्या ध्यानांत येत नसे. प्रथम त्यानें मोजणीच्या कामांत साहाय्यक म्हणून नोकरी केली. पुढें मराठी व हिंदुस्थानी या भाषांचा दुभाषी, मग पुण्याच्या पोलिसांचा मुख्य, आणि नंतर दक्षिण महाराष्ट्रांत पोलीस सुपरिंटेंडेंट, अशा पायऱ्या तो चढत गेला. त्याचें हें काम पाहूनच गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनीं १८५५ सालीं त्यास मुंबईच्या पोलिसांवर नेमलें.

मुंबईचें पोलीस खातें त्या वेळीं कांहीं नवें नव्हतें. सतराव्या शतकांत गव्हर्नर जेराल्ड आँजिअर यानें भंडारी लोकांचें पथक उभारून शहराच्या रखवालीचा पाया घातला होता. पण खात्याची कीर्ति मात्र निर्मळ राहिली नाहीं. १७७९ सालीं पोलिसांचा मुख्य झालेला जेम्स टॉड याच्यावरच १७९० सालीं लांचलुचपतीचा खटला चालला. फोर्जेट आला तेव्हां शहर झपाट्यानें वाढत होतें. १८५३ सालीं ठाण्यापर्यंत आलेली आगगाडी १८५६ सालीं कल्याणाहून खोपोलीकडे धांवूं लागली, आणि आपल्या अंबरनाथ-बदलापुरांवरून लोखंडी रस्ता गेला तो तेव्हांच. त्याच वर्षीं मुंबई, कलकत्ता व मद्रास या तीन शहरांच्या पोलिसांसाठीं नवा कायदा झाला. परंतु कायदा अंमलांत आणणारीं माणसें जुनींच असतील तर कायद्याचा उपयोग काय? म्हणून फोर्जेटनें सुधारणेचा आरंभ आपल्याच खात्यापासून केला.

वेषांतर करण्यांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. सामान्य माणसाच्या वेषानें बाजारांतून व गल्लीबोळांतून हिंडून तो शहराचें मन ओळखीत असे. त्याच्याविषयीं एक आख्यायिका सांगतात. कितीहि पहारा बसवा, मी आपल्या शयनगृहांत येऊन दाखवितों, असा पण त्यानें खुद्द गव्हर्नरांशीं केला, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं झाडूवाल्याच्या वेषांत तो तेथें हजर झाला. गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, लोकांस ती खरी वाटली यांतच त्याची योग्यता दिसून येते.

१८५७ सालीं उत्तरेंत बंडाचा वणवा पेटला. मुंबईंत गोरी फौज थोडी व हिंदी पलटणी अधिक होत्या. मोहरमच्या दिवसांत दहाव्या पलटणींतील एका ख्रिस्ती ढोलकऱ्यानें दारूच्या धुंदींत हिंदूंच्या मिरवणुकींतील मूर्ति पाडली. पोलिसांनीं त्यास धरलें, तेव्हां पलटणींतील शिपायांनीं चौकी फोडून त्याला सोडविलें आणि पोलिसांनाच मारीत आपल्या लाइनींत नेलें. हें कळतांच फोर्जेट घोड्यावर बसून तेथें गेला. शिपाई खवळून त्याच्या अंगावर येऊं लागले, तरी तो जागचा हालला नाहीं. त्याचे घोडेस्वार येऊन पोंचले व दंगा शमला. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. अपराधी अधिकाऱ्याच्याच धर्माचा होता, तरी त्यास धरणारे पोलीस डगमगले नाहींत, आणि त्या पोलिसांची पाठ त्यांच्या अधिकाऱ्यानें सोडली नाहीं.

पुढें सोनापुराजवळ गंगाप्रसाद नांवाच्या इसमाच्या घरीं शिपायांच्या गुप्त बैठका होतात असा सुगावा त्यास लागला. भिंतीच्या भोंकांतून त्यानें त्या बैठका स्वतः पाहिल्या, आणि मेजर बॅरो या पलटणीच्या अधिकाऱ्यासहि नेऊन दाखविल्या. दिवाळींत उठाव करण्याचा तो बेत होता. १५ ऑक्टोबर १८५७ रोजीं सय्यद हुसेन व मंगल गडिया या दोघांस एस्प्लनेडवर तोफेच्या तोंडीं दिलें. आजचें आझाद मैदान तेथलेंच होय.

या ठिकाणीं आपण अंमळ थांबलें पाहिजे. फोर्जेटनें शहराचा रक्तपात टाळला असें त्याचे चाहते म्हणतात, आणि तें अगदींच खोटें नाहीं. परंतु बाजारांत सरकारविरुद्ध बोलणाऱ्यास तो जागच्याजागीं पकडी, व संशयितांना बोलावून पोलीस कचेरीच्या आवारांत उभारलेला फांसाचा खांब दाखवी, हेंहि खरें आहे. त्याची निष्ठा राज्यकर्त्यांना वाहिलेली होती. ज्यांस त्यानें पकडून दिलें त्यांस आज आपण देशासाठीं मेलेले वीर मानतों. एकाच माणसाच्या अंगीं गुण व कठोरता एकत्र नांदूं शकतात, हें चरित्र वाचणारानें विसरूं नये.

शहराच्या सुधारणेकडेहि त्याचें लक्ष होतें. किल्ल्यांतील ओसाड मैदानाभोवतीं सुंदर इमारतींचें वर्तुळ करावें ही कल्पना त्याची. तेंच पुढें एल्फिन्स्टन सर्कल झालें, व १९४७ नंतर त्यास हॉर्निमन यांचें नांव मिळालें. १८६४ च्या सुमारास तो नोकरींतून निवृत्त होऊन विलायतेस गेला, आणि त्याच्या मागें फ्रँक सूटर मुंबईचे पहिले पोलीस कमिशनर झाले. शहरांतील कापसाच्या व्यापाऱ्यांनीं कृतज्ञतेनें त्यास दीड हजार पौंड पाठविले. १८९० सालीं त्याचा अंत झाला. ताडदेवची फोर्जेट स्ट्रीट अजून त्याचें नांव सांगते.

मुलांनो, या चरित्रांतून घ्यावयाचें तें घ्या व टाकावयाचें तें टाका. लोकांची भाषा शिकणें, आपल्या हाताखालच्या माणसांस निर्मळ ठेवणें, आणि जमाव खवळला असतां जागा न सोडणें, हें घेण्याजोगें आहे. आपल्या गांवांत मराठी, सिंधी, हिंदी, गुजराती अशा कितीतरी भाषा एकाच बाजारांत ऐकूं येतात. ज्याला उद्यां येथें फौजदार व्हावयाचें आहे त्यानें त्या भाषा आजपासूनच कानांत सांठवाव्या. मात्र फोर्जेटला जें साधलें नाहीं तेंहि तुम्हीं साधलें पाहिजे. तो राज्यकर्त्यांचा शिपाई होता. तुमचा धनी म्हणजे चौकीची पायरी भीत भीत चढणारा गरीब माणूस होय. तो पायरी उतरतांना निर्भय झाला, तर आईबापांची धास्तीहि नाहींशी होईल.