क्ष-किरणांचे जनक राँटजेन



दिवाळीनंतर माझ्या आजीची वरची दाढ फार दुखत होती. गाल सुजला होता. भाकरी दुधात कुस्करून दिली तरी तिला खाववेना. मग वडिलांनी तिला तालुक्याला दातांच्या डॉक्टरांकडे नेले. मीपण गेले होते. डॉक्टरांनी यंत्राने तिच्या जबड्याचा फोटो काढला. कुठं कापलं नाही की टोचलं नाही, तरी आतली हाडं आणि दाढेची मुळं दिसली! असा फोटो काढायची वाट पहिल्यांदा ज्यांनी दाखवली, त्यांची माहिती मी गुरुजींना विचारून लिहीत आहे.

त्यांचे नाव विल्हेल्म कॉनराड राँटजेन. त्यांचा जन्म २७ मार्च १८४५ रोजी जर्मनीतील लेनेप या गावी झाला. वडील कापडाचे व्यापारी होते. विल्हेल्म हा त्यांचा एकुलता एक मुलगा. तो तीन वर्षांचा असताना घरची माणसं हॉलंड देशात राहायला गेली.

तिथं उट्रेक्ट गावच्या शाळेत एक गोष्ट घडली. एका मुलाने मास्तरांचे वेडेवाकडे चित्र काढले. आळ आला विल्हेल्मवर. चित्र कुणी काढलं हे त्याला माहीत होतं, पण त्याने मित्राचे नाव सांगितले नाही. त्याला शाळेतून काढून टाकले. शाळेचा दाखला नाही, म्हणून पुढे शिकायची पंचाईत झाली. पण त्याने हिंमत सोडली नाही. १८६५ साली तो स्वित्झर्लंडमधील झुरिकला गेला. तिथं दाखल्यावाचून प्रवेश मिळाला. खूप अभ्यास करून १८६९ साली तो डॉक्टरेट झाला. १८७२ साली त्यांचे लग्न बर्था यांच्याशी झाले.

पुढे राँटजेन जर्मनीत वुर्झबर्ग येथे प्राध्यापक झाले. ८ नोव्हेंबर १८९५ चा दिवस. संध्याकाळची वेळ होती. ते अंधाऱ्या खोलीत काचेच्या नळीतून वीज सोडून प्रयोग करत होते. नळी काळ्या पुठ्ठ्याने पुरती झाकली होती. तरीपण थोड्या अंतरावर ठेवलेला, रसायनाचा लेप दिलेला कागद चमकू लागला! उजेड तर बाहेर येत नव्हता. मग कागद चमकला कशाने? दुसरा कुणी असता तर दुर्लक्ष करून घरी जेवायला गेला असता. पण राँटजेन यांनी कित्येक आठवडे त्याचाच ध्यास घेतला. जेवणखाणसुद्धा प्रयोगशाळेतच. गणितात माहीत नसलेल्या संख्येला आपण क्ष म्हणतो. म्हणून या अनोळखी किरणांना क्ष-किरण म्हणतात.

२२ डिसेंबर १८९५ रोजी त्यांनी बर्थाबाईंच्या हाताचा फोटो काढला. त्यात बोटांची हाडं आणि बोटातली अंगठी दिसली. स्वतःच्या हाताचा सांगाडा बघून त्या घाबरल्या, असे सांगतात. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १८९६ मध्ये, जर्मनीतले दातांचे डॉक्टर ओटो वाल्खॉफ यांनी स्वतःच्या दातांचा फोटो काढला. त्यासाठी त्यांना २५ मिनिटे हलता आले नाही! आता क्षणभर पुरतो.

१९०१ साली पहिलेवहिले नोबेल पारितोषिक सुरू झाले. त्यातले भौतिकशास्त्राचे राँटजेन यांना मिळाले. बक्षिसाचे पैसे त्यांनी विद्यापीठाला देऊन टाकले. शोधावर स्वतःचा हक्क सांगितला असता तर ते लखपती झाले असते. पण त्यांनी तसे केले नाही. शोध सगळ्यांना फुकट वापरू दिला. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत भयंकर महागाई झाली. त्यांच्या साठवलेल्या पैशांना किंमत उरली नाही. १९१९ साली बर्थाबाई वारल्या. १० फेब्रुवारी १९२३ रोजी म्युनिक येथे राँटजेन यांचे निधन झाले.

आता माझ्या आजीचे ऐका. आपल्या नाकाच्या दोन्ही बाजूंना गालाच्या आत हवेने भरलेली पोकळी असते. तिला सायनस म्हणतात. वरच्या दाढांची मुळं तिच्या अगदी जवळ असतात. साधा क्ष-किरण फोटो म्हणजे भिंतीवरच्या सावलीसारखा. दोन हात एकामागे एक धरले तर सावली एकच पडते, मधले अंतर कळत नाही. म्हणून नवीन यंत्र देवळाला प्रदक्षिणा घालावी तसे डोक्याभोवती फिरते आणि शेकडो फोटो काढते. संगणक ते जोडून लांबी, रुंदी, उंची सगळं दाखवतो.

डॉक्टरांनी संगणकावर रेघ ओढून मोजले. आजीच्या दाढेचे मूळ आणि सायनस यांच्यामध्ये हाड होते फक्त १ मिलिमीटर! माझ्या पट्टीवरचे सगळ्यात बारीक घर तेवढेच असते. दाढ एकदम उपटली असती तर तिथं भोक पडू शकलं असतं. मग प्यायलेलं पाणी नाकातून आलं असतं. म्हणून डॉक्टरांनी दाढेचे तुकडे करून एकेक मूळ हळूच काढले. आता आजी भाकरी खाते आणि मला रागवतेसुद्धा.

पण हे किरण जास्त झाले तर अपाय करतात. म्हणून डॉक्टर गरज असेल तरच फोटो काढतात. उगीच हट्ट करू नये.

मित्रांनो, राँटजेन यांनी मित्राचे नाव लपवले, पण शोध लपवला नाही. त्यांनी तो सगळ्यांना दिला, म्हणून तो आमच्या आजीपर्यंत पोचला. अशा थोर शास्त्रज्ञाला माझा नमस्कार.

— इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी