विश्लेषण : २५ ताऱ्यांचा तक्ता आणि विश्वाच्या वेगाचा वाद, कोण होत्या हेन्रिएटा लेविट?

विश्व प्रसरण पावत आहे, याबद्दल खगोलशास्त्रज्ञांत दुमत नाही. ते किती वेगाने, यावर मात्र गेली दहा-बारा वर्षे जोरदार वाद सुरू आहे. जवळच्या दीर्घिका मोजत गेले की उत्तर ७३ येते. विश्वाच्या बालपणीच्या प्रकाशावरून गणित केले की ६७.४. या वादाला ‘हबल टेन्शन’ म्हणतात. त्यातला ७३ हा आकडा ज्या पायावर उभा आहे, तो पाया घालणाऱ्या व्यक्तीने स्वतः विश्वाचा वेग कधी मोजला नाही. ताशी ३० सेंट मजुरीवर काचेवरचे काळे ठिपके तपासणे, हे तिचे काम होते.

७३ की ६७, फरक पडतो का?

या आकड्याचा अर्थ असा : एखादी दीर्घिका आपल्यापासून ३२.६ लाख प्रकाशवर्षे दूर असेल, तर ती सेकंदाला सुमारे ७३ (किंवा ६७.४) किलोमीटर वेगाने दूर जाताना दिसेल. दुप्पट अंतरावर दुप्पट वेग. वेग जास्त धरला तर विश्वाचे १३.८ अब्ज वर्षे हे वय जवळपास एक अब्ज वर्षांनी कमी होते. दोन्ही गटांचा दावा आहे की आपल्या मोजमापातील चुकीला फार तर एक-दीड टक्का वाव आहे. तो खरा असेल, तर विश्व कसे चालते याबद्दलच्या आजच्या सिद्धांतातच काहीतरी राहून गेले आहे. खोटा असेल, तर कोणाची तरी मोजपट्टी चुकते आहे. म्हणूनच मोजपट्टीकडे पुन्हा पुन्हा पाहिले जाते, आणि तिथे लेविट यांचे नाव येते.

लेविट वेधशाळेत कशा आल्या?

हेन्रिएटा स्वॉन लेविट यांचा जन्म ४ जुलै १८६८ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील लँकेस्टर येथे झाला. वडील धर्मोपदेशक होते. पुढे रॅडक्लिफ कॉलेज या नावाने ओळखल्या गेलेल्या महिला संस्थेतून १८९२ मध्ये त्यांनी पदवी घेतली. खगोलशास्त्राशी त्यांची ओळख झाली ती शेवटच्या वर्षी. १८९३ मध्ये त्या हार्वर्ड कॉलेज वेधशाळेत बिनपगारी काम करू लागल्या. मध्ये काही वर्षे युरोप प्रवास आणि घरच्या अडचणींत गेली. याच काळात त्यांची श्रवणशक्तीही कमी होत गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या परतल्या, तेव्हा त्यांना पगार मिळू लागला.

वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांनी गणन आणि तपासणीसाठी महिलांची मोठी तुकडी नेमली होती. या महिलांना तेव्हा ‘कॉम्प्युटर’ म्हणत. नेहमीचा दर ताशी २५ सेंट. लेविट यांना पाच सेंट जास्त. रात्री दुर्बिणीजवळ बसायचे पुरुषांनी, दिवसा निकाल काढायचा महिलांनी, अशी विभागणी होती. पिकरिंग यांना महिलांच्या क्षमतेवर विश्वास होता हे खरे, पण इतक्या कमी पैशांत इतके काटेकोर काम करून घेता येते, हा हिशेबही त्यात होताच.

काम कसे चाले? दक्षिण गोलार्धातले आकाश टिपण्यासाठी पेरूमध्ये अरेकिपा येथे हार्वर्डची शाखा होती. तिथे काचेवर घेतलेली छायाचित्रे जहाजाने बोस्टनला येत. काचेवर आकाश पांढरे आणि तारे काळे दिसत. तारा जितका तेजस्वी तितका ठिपका मोठा. एका रात्रीची काच दुसऱ्या रात्रीच्या उलट छाप्यावर ठेवायची आणि कोणता ठिपका जुळत नाही ते भिंगातून शोधायचे. ठरावीक तेजाचे ठिपके असलेली एक छोटी काचपट्टी शेजारी धरून ताऱ्याचे तेज ठरवायचे. न जुळणारा ठिपका म्हणजे रूपविकारी तारा, अर्थात तेज बदलणारा तारा. असे २,४०० हून अधिक तारे लेविट यांनी शोधले. त्या काळी माहीत असलेल्या रूपविकारी ताऱ्यांपैकी ते जवळपास निम्मे होते.

२५ ताऱ्यांत काय सापडले?

१९०८ मध्ये लेविट यांनी मॅजेलन मेघांतील १,७७७ रूपविकारी ताऱ्यांची यादी प्रसिद्ध केली. नुसती यादी देऊन त्या थांबल्या असत्या, तरी कोणी काही म्हटले नसते. पण छोट्या मेघातील १६ ताऱ्यांचा आवर्तकाल काढून त्यांनी नोंदवले की जास्त तेजस्वी ताऱ्यांना कमी-जास्त व्हायला जास्त दिवस लागतात. त्यानंतर त्या आजारी पडल्या. विस्कॉन्सिनमधील घरी असताना पिकरिंग त्यांच्याकडे काम पाठवत राहिले. १९१२ मध्ये २५ ताऱ्यांचा तक्ता तयार झाला. सर्वांत लहान आवर्तकाल सव्वा दिवसाचा, सर्वांत मोठा १२७ दिवसांचा. लॉगरिदमच्या आलेखावर मांडल्यावर हे ठिपके जवळजवळ एका सरळ रेषेत आले.

ही रेषा इतकी महत्त्वाची का, हे रस्त्यावरच्या दिव्यांवरून समजते. लांबचा दिवा मिणमिणता दिसतो. तो मुळातच लहान आहे की मोठा असून दूर आहे, हे नुसते पाहून सांगता येत नाही. पण तो १०० वॉटचा आहे एवढे कळले, तर अंतर निघते. कारण अंतर दुप्पट झाले की पोहोचणारा प्रकाश चौथाई होतो. लेविट यांचे २५ तारे एकाच मेघात, म्हणजे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर होते. त्यामुळे त्यांच्या तेजातला फरक खरा होता, अंतरामुळे भासणारा नव्हता. आता ताऱ्याचे फक्त दिवस मोजायचे. ‘वॉट’ आपोआप कळणार. या ताऱ्यांना वृषपर्वा तारकासमूहातील डेल्टा सेफी या ताऱ्यावरून सेफिड म्हणतात.

एक अडचण उरत होती. जवळच्या एखाद्या सेफिडचे अंतर स्वतंत्रपणे मोजल्याशिवाय या पट्टीवर सेंटिमीटरच्या खुणा पडणार नव्हत्या. असे मोजमाप व्हावे, अशी अपेक्षा लेविट यांनी त्याच निबंधात व्यक्त केली. निबंधाखाली सही मात्र पिकरिंग यांची होती. मजकूर मिस लेविट यांनी तयार केल्याची नोंद सुरुवातीला होती.

मग पुढचे काम त्यांनी का केले नाही?

कारण त्यांना दुसरे काम दिले गेले. ध्रुवताऱ्याजवळच्या ९६ ताऱ्यांचे तेज अचूक ठरवून जगभरासाठी प्रमाण तयार करायचे होते. लेविट यांनी १३ दुर्बिणींच्या २९९ काचा तपासून ते १९१७ मध्ये पूर्ण केले. काम उपयुक्त होते, पण त्यात त्यांची वर्षे गेली. हार्वर्डमध्ये नंतर आलेल्या सेसिलिया पेन-गापोश्किन यांनी पुढे लिहिले की पिकरिंग यांच्या या निर्णयाने रूपविकारी ताऱ्यांचा अभ्यास बहुधा काही दशके मागे पडला. वेधशाळेचे धोरण माहिती गोळा करण्याचे होते, तिचा अर्थ लावण्याचे नव्हते. अर्थ इतरांनी लावला.

डेन्मार्कचे आयनार हर्ट्झस्प्रुंग यांनी १९१३ मध्येच पट्टीवर पहिल्या खुणा केल्या. हार्लो शॅप्ली यांनी तिच्याच आधारे आकाशगंगेचा आकार मोजला आणि सूर्य तिच्या केंद्रात नाही हे दाखवले. आकाशगंगेपलीकडे दुसऱ्या दीर्घिका नाहीत, असेही त्यांचे मत होते. ते खोटे ठरले ते लेविट यांच्याच पट्टीने : ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबल यांना देवयानीत एक सेफिड सापडला आणि देवयानी ही स्वतंत्र दीर्घिका असल्याचे सिद्ध झाले. १९२९ मध्ये हबल यांनी दीर्घिकांचे अंतर आणि वेग यांचा संबंध मांडला.

हे पाहायला लेविट नव्हत्या. १९२१ मध्ये शॅप्ली वेधशाळेचे संचालक झाल्यावर त्यांना तारकातेजमापन विभागाचे प्रमुखपद मिळाले, पण १२ डिसेंबर १९२१ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय ५३. मागे राहिलेली मालमत्ता सुमारे ३१५ डॉलरची. १९२५ मध्ये स्वीडनचे गणितज्ञ मिताग-लेफलर यांनी नोबेलसाठी नाव सुचवण्याच्या विचाराने त्यांना पत्र लिहिले. मृत्यूची बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. उत्तर शॅप्ली यांनी दिले. शोधाचा खरा अर्थ आपण लावला, असे त्यात सुचवायला ते विसरले नाहीत.

आजचा वाद कुठे अडला आहे?

सेफिडच्या पट्टीने याआधीही एकदा धक्का दिला आहे. सेफिड दोन प्रकारचे असतात हे वॉल्टर बाडे यांनी १९५२ मध्ये जाहीर केले आणि दीर्घिकांची अंतरे एका फटक्यात सुमारे दुप्पट झाली. त्यामुळे आज शंका घेणाऱ्यांना वेडे ठरवता येत नाही. दूरच्या दीर्घिकेत सेफिडच्या शेजारी इतर ताऱ्यांची दाटी असते. त्यांचा प्रकाश मिसळून तो जास्त तेजस्वी भासत असेल तर? ॲडम रीस यांच्या गटाने जेम्स वेब दुर्बिणीतून हजारावर सेफिड पुन्हा तपासले आणि दाटीमुळे हा फरक पडत नसल्याचे दाखवले. जवळच्या सेफिडची अंतरे आता गाया उपग्रहाने मोजली आहेत; लेविट यांना हवे होते ते हेच. मात्र वेंडी फ्रीडमन यांच्या गटाने वेबचीच निरीक्षणे आणि इतर प्रकारचे तारेही वापरून सुमारे ७० हा आकडा काढला आहे. म्हणजे वाद मिटलेला नाही.

सेफिडशिवाय अंतर मोजण्याचा एक मार्ग गुरुत्वीय लहरींचा आहे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी टिपलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीवरूनही उत्तर ७० च्या आसपास आले, पण चुकीला वाव इतका मोठा होता की त्यात ६७ ही बसतो आणि ७३ ही. अशा अनेक टकरी टिपल्या तरच निकाल लागेल. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होऊ घातलेल्या लायगो-इंडिया प्रयोगशाळेमुळे अशा टकरी आकाशात नेमक्या कुठे झाल्या, हे शोधणे सोपे होणार आहे.

हार्वर्डच्या काचांचे काय झाले?

वेधशाळेत जमलेल्या सुमारे पाच लाख काचा जपल्या गेल्या आणि अलीकडच्या वर्षांत त्यांतील बहुतेक स्कॅन झाल्या. अचूक स्कॅनसाठी महिला तपासनिसांनी काचेवर शाईने केलेल्या खुणा पुसाव्या लागल्या. पुसण्याआधी त्यांची छायाचित्रे घेतली गेली.