केडगावची कारभारीण

विठ्ठलवाडी हे कल्याण-कर्जत लोहमार्गावरील एक लहानसे स्थानक. अलीकडे कल्याण, पलीकडे उल्हासनगर. सकाळी मुंबईकडे धावणाऱ्या आणि संध्याकाळी थकून परतणाऱ्या चाकरमान्यांच्या गर्दीत येथे दोन प्रसंग नेहमीच घडतात. एखादा हात पुढे येतो आणि खिशातले नाणे त्यावर पडते. किंवा एखादे पावतीपुस्तक पुढे येते आणि उत्सवाची, आश्रमाची वा मदतनिधीची पावती फाडली जाते. देणाऱ्याला गाडी गाठायची असते. आपण दिले, एवढे समाधान घेऊन तो डब्यात शिरतो. दिलेल्याचे पुढे काय झाले हे विचारण्याची त्याला सवड नसते आणि, खरे सांगायचे तर, तशी फारशी इच्छाही नसते.

याच लोहमार्गाने सोलापूरकडे जाणाऱ्या गाड्या विठ्ठलवाडीला न थांबता पुढे जातात, बोरघाट चढून पुणे गाठतात आणि दौंड येण्यापूर्वी केडगाव मागे टाकतात. दिलेल्याचे पुढे काय होते, हा प्रश्न ज्या स्त्रीने जन्मभर वागवला तिचे कार्यक्षेत्र हे केडगाव होते. पंडिता रमाबाईंचे नाव शालेय पुस्तकांमुळे सर्वांच्या परिचयाचे आहे. विदुषी, विधवांची कैवारी आणि धर्मांतरामुळे वादग्रस्त ठरलेली बाई, अशा तीन रूपांत त्या आपल्याला भेटतात. परक्याचा पैसा हाती आल्यावर त्याचे काय करावे, याचा विचार करणारी बाई हे त्यांचे चौथे रूप मात्र उपेक्षितच राहिले आहे.

या विचाराचे मूळ त्यांच्या बालपणात आहे. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या कर्नाटकातील रांगेत, गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न पंडित होते. पत्नीला संस्कृत शिकवण्याचे धाडस त्यांनी केले आणि त्यासाठी स्वकीयांचा रोष पत्करला. त्यांच्या आश्रमात विद्यार्थी, यात्रेकरू आणि अतिथी यांचा राबता असे. आल्यागेल्याला विन्मुख पाठवायचे नाही, या व्रतापायी संसार कफल्लक झाला. रमाबाई तान्ही असतानाच हे कुटुंब तीर्थक्षेत्रे हिंडू लागले. पुराण सांगावे, श्रोते देतील ते स्वीकारावे आणि त्यातूनही ब्राह्मणांना व देवस्थानांना दानधर्म करावा, असा त्यांचा क्रम होता.

अठराशेसत्तरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा हा क्रम या कुटुंबाच्या जिवावर बेतला. संकट टळावे म्हणून उरलेसुरले द्रव्यही दानात आणि अनुष्ठानांत खर्ची पडले. अंगमेहनतीचे काम करावे तर त्याची सवय नव्हती, आणि पुराणिकाच्या घराण्याला ते शोभेल असे कोणाला वाटतही नव्हते. आधी वडील, मग आई आणि पाठोपाठ थोरली बहीण, असे तिघे अन्नावाचून खंगून गेले. मागे राहिली रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास.

या शोकांतिकेकडे एरवी अंधश्रद्धेचा बळी म्हणून बोट दाखवले जाते. तेवढ्याने तिचा उलगडा होत नाही. अनंतशास्त्री कृपण नव्हते की लबाड नव्हते. त्यांच्याएवढे निःस्वार्थी दाते विरळा. परंतु त्यांच्या दानाचा जमाखर्च परलोकीच्या वहीत मांडला जात होता. घेणाऱ्याला गरज किती आणि दिल्याने त्याची स्थिती पालटली काय, असे रकाने त्या वहीत नव्हतेच. दुष्काळात ज्यांच्या पदरात दान पडत होते ते देणाऱ्यापेक्षा भुकेले होतेच असे नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने हे स्वतःच्या घरात पाहिले होते.

पुढचा भाग सर्वश्रुत आहे. बहीणभावंडांनी देशभर पायपीट केली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि १८८२ च्या आरंभी वैधव्य आले. कडेवर मनोरमा घेऊन त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे साक्ष दिली. इंग्लंडला जाण्यासाठी लागणारा पैसा त्यांनी स्त्रीधर्मनीति या आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून उभा केला, ही गोष्ट चरित्रकार ओझरती सांगतात. पण पुढच्या दृष्टीने ती फार बोलकी आहे.

इंग्लंडमध्ये वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्यांचा मुक्काम होता. या भगिनींनी फुलहॅम येथे पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी चालवलेले काम त्यांनी पाहिले. समाजाने वाळीत टाकलेल्या स्त्रीला अन्न, निवारा आणि वर पुन्हा उभे राहण्याची संधीही मिळावी, हे दृश्य त्यांच्या मनावर खोल ठसले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

ख्रिस्ती धर्मविचारात कारभारी ही एक महत्त्वाची कल्पना आहे. मालक दुसरा असतो आणि मालमत्ता कारभाऱ्याच्या हाती असते. त्याने ती उधळायची नाही आणि पुरूनही ठेवायची नाही. मालकाच्या मनात असलेल्या कामी लावायची आणि एक दिवस हिशेब द्यायचा. धन, बुद्धी, वेळ, सगळेच या अर्थाने सोपवलेले. गांधीजींनी पुढे विश्वस्तवृत्तीचा जो विचार मांडला तो याच जातीचा आहे. मराठीत मात्र कारभारीण म्हणजे घरधनीण. रमाबाईंच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकत्र आले, कारण त्यांच्या घरात पुढे दोन हजारांच्या घरात माणसे जेवू लागली.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि अडीच वर्षांहून अधिक काळ तेथे राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १८८७ मध्ये निघाले, गावोगाव व्याख्याने झाली आणि डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिची रचना अभ्यासण्यासारखी आहे. एखाद्या धनिकाच्या थैलीवर विसंबण्याऐवजी शहरोशहरी मंडळे काढून सभासदांकडून वार्षिक वर्गणी घ्यायची. मदतीची मुदत दहा वर्षे. हिशेब आणि अहवाल नियमित. भारतात सल्लागार मंडळ. हेतूही नेमका: उच्चवर्णीय विधवांना शिक्षण देऊन त्यांना स्वतःच्या पायांवर उभे करणे, आणि तेही धर्माच्या बाबतीत तटस्थ राहून. दहा वर्षांची मर्यादा या योजनेतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट होती. ज्या मदतीला अखेर नसते ती घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला सारखीच बिघडवते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले. तेथे १८९३ मध्ये जे घडले तो रमाबाईंच्या कारभारीपणाच्या कसोटीचा क्षण होता. सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नव्हते. परंतु रमाबाई स्वतः प्रार्थना करीत, त्या वेळी खोलीचे दार उघडे असे आणि मुली येऊन बसत. काही मुलींचा ओढा नव्या धर्माकडे दिसू लागला. केसरीने टीकेची झोड उठवली. रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्या सहानुभूतिदारांनीही सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या.

या वादाचा निकाल एका बाजूने देणे सोपे आहे, म्हणून तो तसा दिला जातो. रमाबाईंना स्वतःच्या घरात प्रार्थना करण्याचा हक्क होता आणि मुलींनाही स्वतःचे मन होते, यात शंका नाही. पण जिला या घराबाहेर दुसरा आसरा नाही, अशा बालविधवेच्या बाबतीत दार उघडे ठेवणे आणि आत बोलावणे यांतील अंतर फार पुसट होते. अन्न देणाऱ्याच्या श्रद्धेचे वजन अन्न घेणाऱ्यावर पडतेच, मग देणाऱ्याने ते टाकलेले असो वा नसो. वर्गणीदारांना आणि पालकांना दिलेला तटस्थतेचा शब्द अक्षराने पाळला गेला असेल, पण ज्या विश्वासावर तो उभा होता त्याला तडा गेला, हे मान्य केले पाहिजे. मात्र याच सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाहबद्ध होऊन आनंदीबाई कर्वे झाली, आणि कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी स्वतःची संस्था काढली. रमाबाईंवर तुटून पडणाऱ्यांपैकी अशी संस्था काढणारे फार थोडे निघाले.

दहा वर्षांची मुदत संपण्याची वाट न पाहता रमाबाईंनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन मिळवली होती. विहिरी खोदून फळझाडे लावायची आणि त्यांच्या उत्पन्नावर सदन चालवायचे, असा बेत होता. दानाचे रूपांतर उत्पन्न देणाऱ्या मालमत्तेत करण्याचा हा प्रयत्न कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाने शाबासकी द्यावी असाच होता. तेवढ्यात १८९६-९७ चा दुष्काळ आला.

मध्य प्रांतातील बातम्या कानी येताच रमाबाई तिकडे धावल्या, कारण हे दृश्य त्यांना जन्माचे ठाऊक होते. सरकारी दुष्काळी कामे आणि गरीबखाने होते. पण निराधार मुलींवर तेथे कोणाची नजर पडते आणि त्यांना कोण उचलून नेते, हे पाहणारे कोणी नव्हते. त्यांनी सुमारे तीनशे मुली आणल्या. जागा नव्हती, पैसा नव्हता. त्यात पुण्यात प्लेग. मुलींना केडगावच्या माळावर हलवावे लागले. याच सुमारास प्लेगच्या रुग्णालयातील स्त्रियांच्या हेळसांडीवर त्यांनी एका मुंबईच्या पत्रात उघड टीका केली आणि तिचे पडसाद ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत उमटले. १८९८ मध्ये मुदत संपली, अमेरिकेत संस्थेची नव्याने रचना झाली, आणि केडगावचे मुक्तिसदन उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून उभे राहिले. पूर्वीची संदिग्धता त्यामुळे संपली, हे बरेच झाले. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली.

एवढ्या माणसांना नुसते जेवू घालणे म्हणजे अनंतशास्त्र्यांच्या अन्नछत्राचीच मोठी आवृत्ती झाली असती. तशी ती झाली नाही. शाळा होती, शिवाय प्रत्येकीला काही तरी काम शिकावे लागे. हातमाग, शिवण, तेलाचा घाणा, दूधदुभते, शेती, छपाई. ज्यांना कुटुंबाने टाकले त्यांच्यासाठी कृपासदन होते. अंध मुलींना मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकवण्याची व्यवस्था केली, आणि त्या टोपल्या विणू लागल्या. वाचण्याला आणि हातांच्या कसबाला येथे एकाच पंक्तीत बसवले होते. पुराणिकाच्या घरात जे अशोभनीय मानले गेले, तेच येथे दिनक्रम झाले. विठ्ठलवाडीच्या परिसरात राहणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आणून ठेवलेल्या सिंधी निर्वासितांनी शिवणयंत्रे आणि लहानसहान कारखाने यांच्या आधारे उल्हासनगर उभे केले, हे त्यांच्या डोळ्यांसमोर आहे.

केडगाव संपूर्ण स्वावलंबी मात्र कधीच झाले नाही. शंभर एकरांची बाग पन्नास-साठ मुलींचा खर्च भागवू शकली असती. दोन हजारांचा नव्हे. उत्तरायुष्यात रमाबाई माणसांकडे न मागता प्रार्थनेवर भिस्त ठेवण्याच्या मार्गाकडे वळल्या. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरने अनाथालये अशीच चालवली होती. श्रद्धावंताला यात ईश्वरी कृपा दिसेल. हिशेबनीसाला एवढेच दिसेल की परदेशी देणग्या येत राहिल्या, आणि त्या येत राहण्यामागे रमाबाईंचे नाव व त्यांच्या कार्याची छापील वृत्ते यांचाही वाटा होता. मुदतबंद मदतीचा जुना शिस्तशीर विचार दुष्काळाच्या लोंढ्यात वाहून गेला. पण तो जपण्यासाठी दारात आलेली मुलगी परत पाठवायला हवी होती काय, असा प्रश्न विचारला तर हिशेबनीसालाही लेखणी खाली ठेवावी लागेल.

अखेरच्या वर्षांत त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतरास वाहून घेतले. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईलाही कळावे अशा सोप्या मराठीत ते करायचे होते. खिळे जुळवणाऱ्या आणि यंत्र चालवणाऱ्या मुक्तिसदनातल्याच स्त्रिया होत्या. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. संस्था जिच्या हाती सोपवायची तीच आधी गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. मुद्रण तेव्हा पुरे झालेले नव्हते. ते त्या स्त्रियांनी १९२४ मध्ये पूर्ण केले. संस्था आजही केडगावात चालू आहे.